दुसरा कागद

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. हे पत्र मी भात्याच्या खोलीत बसून लिहितो आहे. ऑर्गनला वारा पुरवणारा भाता आणि त्याची मोटर इथे असते. तिच्या घरघरीत पेनाची कुरकुर मामांना ऐकू जात नाही. ते बाहेर बोटं मोकळी करताहेत. तेवढा पाऊण तास माझा.

भावोजींनी विचारलंय की मी तिथे नेमकं करतो काय. त्यांना सांग, मामा सांगतील ते टिपून घेतो म्हणून त्यांचा टिपकागद आहे, आणि वाजवताना त्यांचा तिसरा हात आहे. मामांना सगळं वाजवणं तोंडपाठ असतं, पण त्यांचे दोन्ही हात वरच्या पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय खालच्या पट्ट्यांवर गुंतलेले असतात. बाजूच्या खुंट्या ओढायला कोणी तरी लागतं. खुंटी ओढली की नळ्यांची एक रांग बोलायला लागते, आत ढकलली की गप्प बसते. कुठे कोणती ओढायची ते बदलांच्या वहीत लिहिलेलं असतं. वहीचा पहिला अर्धा भाग मामींच्या अक्षरात आहे. एकोणीस वर्षं हे काम त्यांनी केलं. त्या गेल्या आणि आईने मला आठवीच्या परीक्षेआधी दोन महिन्यांसाठी इकडे पाठवलं. यंदा नऊ वर्षं होतील.

मामांची तब्येत उत्तम. गेल्या कार्यक्रमानंतर वर्तमानपत्रात आलं की चौथ्या वर्षी तापात दृष्टी गेलेला हा कलावंत मनाच्या डोळ्यांनी पाहतो. मी ते वाचून दाखवलं, तेव्हा मामा म्हणाले की त्या लेखकाला बोलावून घे, मनाच्या डोळ्यांनी माझा दुसरा मोजा शोधून दे म्हणावं.

आता खरी गोष्ट. ऑर्गन सुरात लावायला कारखान्याचे मिस्त्री आले होते. एक खुंटी अडकत होती, ती मी त्यांच्याआधी सोडवली. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. काल त्यांचं पत्र आलं. कारखान्यात शिकाऊ म्हणून एक जागा आहे, तीन वर्षांत नळ्या बनवण्यापासून सगळं शिकवतील, आठवी नापासही चालेल. पंधरा मार्चपर्यंत कळवायचं आणि एक एप्रिलला हजर व्हायचं. ताई, मी ते पत्र अकरा वेळा वाचलं. नंतर ते बुटात ठेवलं.

मामांना सांगायची हिंमत नाही. तू यावर उत्तर देशील, पण इथला नियम तुला माहीत आहे, आलेलं सगळं टपाल चारच्या चहाला मोठ्याने वाचायचं. म्हणून कारखान्याबद्दलचा मजकूर वेगळ्या कागदावर लिही. पहिला कागद मी न अडखळता वाचेन, दुसरा खिशात घालेन.

आईला नमस्कार, भाचीला गालगुच्चा. माझ्यावर लोभ असू दे, पण तो दुसऱ्या कागदावर.

तुझा,
टिपकागद

---

दि. १८ फेब्रुवारी

चि. टिपकागदास अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. ती. मामांना आमचा नमस्कार सांग. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात एकदम पडले, त्यामुळे ती आता मोटारीच्या भोंग्यासारखी हसते. तुझ्या भावोजींनी नवी छत्री घेतली आणि त्याच दिवशी हरवली. आई म्हणते, मामांना विचार, लहानपणीची ती पायाने हवा भरायची पेटी अजून आहे का. तिच्यावर मांजर झोपायचं आणि मांजर झोपलेलंच असताना मामा वाजवायचे.

मामांच्या प्रकृतीला जपा. आमच्याकडे एकदा येऊन जा म्हणजे आमचा लोभ कसा आहे तो समक्ष दिसेल.

तुझी ताई

(दुसरा कागद)

अरे, बुटात काय ठेवतोस पत्र? पायाला लागेल ना. मी सांगते ते ऐक. तू तेवीस वर्षांचा आहेस. दोन महिन्यांचं बोलणं होतं. आज चहाच्या वेळी सरळ सांगून टाक. मामा ओरडतील, काठी आपटतील, आणि मग चहा पितील. तुला ते शब्द सापडत नसतील तर आधी कच्चे लिहून काढ. तू तर वाण्याची यादीसुद्धा आधी कच्ची लिहितोस.

---

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कच्चं लिहून काढलं. चार वेळा पक्कंही केलं. सांगितलं नाही.

तुझा पहिला कागद मी छान वाचला. मांजराच्या गोष्टीवर मामा इतके हसले की चहा बशीत सांडला. मग त्यांनी पत्र मागितलं. मी घाईत दोन्ही कागद एकावर एक तसेच दिले. त्यांनी ते चिमटीत धरून अंगठ्याने चोळले आणि ताईचं अक्षर अलीकडे फार मोठं झालं का असं विचारलं. मी हो म्हणालो. तिला चष्मा लागला असेल, असंही म्हणालो. त्यांनी कागद परत दिले. मला वाटतं त्यांच्या लक्षात आलं नसावं. तू मात्र कोणी विचारलं तर चष्मा लागला आहे असं सांग.

मी एक वेगळी युक्ती करून पाहिली. मी आजारी पडलो तर ऐनवेळी कोणी तरी हवं, अशी सबब सांगून दोन माणसं शिकवायला आणली. पहिले एक निवृत्त चित्रकला शिक्षक. मामांचं म्हणणं पडलं की हे गृहस्थ दाढ उपटल्यासारखी खुंटी ओढतात. दुसरी गाणं शिकणारी मुलगी. हात अगदी वेळेवर पडायचा. पण मामा म्हणाले की ओढण्याआधी ती श्वास घेते, तो त्यांना ऐकू येतो आणि सूर बदलणार हे आधीच कळतं. दोघांनाही त्यांनी गोड बोलून वाटेला लावलं.

नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की टिपकागदाचा श्वास कधी ऐकू आला नाही. ते खरं आहे, ताई. नऊ वर्षांत मी तो धरायला शिकलो आहे. आता रस्त्यातून एकटा चालतानासुद्धा मधेच लक्षात येतं की आपण श्वास धरला आहे.

माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे, मधलं दार उघडंच असतं. त्यांनी काठी दोनदा टेकवली की मी जायचं. परवा न्हाव्याकडे अर्धी हजामत झाली असताना शेजारच्या दुकानदाराने पेटी ठेवली, तिचे दोन ठोके वाजले, तर मी खुर्चीतून उठलो. न्हावी म्हणाला की बसा, अजून एक कान राहिलाय.

पंधरा तारखेला सोळा दिवस आहेत. आहे तशीच माया ठेव, यापेक्षा जास्त मागण्याचं तोंड नाही.

तुझा,
टिपकागद

---

दि. ४ मार्च

चि. टिपकागदास आशीर्वाद.

या वेळी पहिला कागद कोराच समज. मामांना सांग, सगळे बरे आहेत आणि ताई घाईत आहे.

मीच मामांना स्पष्ट लिहिणार होते. पेन उचललं आणि हसू आलं. ते पत्र त्यांना वाचून दाखवणार तूच. मग आईकडे गेले आणि म्हटलं, तूच पाठवलंस त्याला, आता तूच सोडव. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग तिने जे सांगितलं ते आजवर तुला-मला माहीत नव्हतं.

मामांना पहिले सूर आईनेच वाचून दाखवले. सात वर्षं, रोज, छापलेल्या पानावरची एकेक खूण मोठ्याने वाचायची आणि ते पाठ करायचे. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिला ते सांगवेना. त्यांनी तर लग्न आहे हेच ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ज्या सकाळी ती निघाली त्या सकाळी ते पेटी वाजवत होते, आणि ते थांबायची वाट बघत ती दारात उभी राहिली. ते थांबलेच नाहीत. शेवटी ती तशीच गेली. मामी गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा ती सकाळ आली आणि तिने तुझी ट्रंक भरली. तिचं राहिलेलं तू फेडतो आहेस, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, त्याला सांग, मी चुकले.

आता तू ठरव. नाही म्हणायचं असेल तरी ते तू म्हण, तारीख उलटू देऊन नको. तुझ्यावर रागावले तरी लोभ काही कमी होत नाही, हीच माझी अडचण आहे.

तुझी ताई

---

दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारखान्याला नकाराचं पत्र लिहून खिशात ठेवलं आहे. अक्षर चांगलं आलं आहे. अजून टाकलं नाही.

इथे काही तरी बिनसलं आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सगळे बरे आहेत म्हणून सांगितलं. मामांनी विचारलं की आज किती कागद. मी एक म्हणालो. ते म्हणाले, पाकीट तर जाड वाजलं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी रचना सांगायला घेतली.

तुला पद्धत माहीत नसेल. ते सूर सांगतात, मी उतरवतो, आणि जिथे खुंटी बदलायची तिथे ते ओढ म्हणतात. मग मी बदलांच्या वहीत नोंद करतो. त्यांच्या मोठ्या रचनेत साठ-सत्तर नोंदी सहज होतात. मी नेहमीसारखे रकाने आखले, आकडे घातले, टोक केलेली पेन्सिल कानावर ठेवली. पहिला दिवस गेला, ते ओढ म्हणाले नाहीत. दुसरा गेला. जिथे सूर उजळायला हवा असं मला वाटे तिथे मी पेन्सिल हातात घेऊन थांबायचो. तिथे ते हात नुसते हातपट्ट्यांच्या वरच्या रांगेवर न्यायचे, काळोखी हवी तिथे खालच्या रांगेवर आणायचे. सुरुवातीला एकदा लावलेल्या खुंट्या शेवटपर्यंत तशाच.

आज रचना संपली. त्यांनी वहीत किती नोंदी झाल्या ते विचारलं. मी म्हणालो, एकही नाही. मग म्हणाले की वाचून दाखव. कोरं पान काय वाचणार? मी वही उघडी धरून उभा राहिलो. ते बराच वेळ ऐकत होते, जणू मी वाचतोच आहे. मग म्हणाले, बरोबर उतरवलं आहेस.

ताई, त्यांना सगळं कळलं आहे आणि ही शिक्षा आहे. माझ्यावर विश्वास उरला नाही म्हणून माझा हातच रचनेतून काढून टाकला. जायचं होतं तेव्हा दार बंद वाटत होतं, आता उघडं आहे तर वाटतं हाकललं. उद्या सकाळी पत्र सांगणार आहेत, चांगला कागद काढून ठेव म्हणाले. कोणाला, ते सांगितलं नाही.

नकाराचं पत्र उद्या टाकतो म्हणजे निदान ते एक काम पुरं होईल. तुझ्या लोभाची या आठवड्यात जास्त गरज आहे.

तुझा,
टिपकागद

---

दि. १२ मार्च

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी, तुझा मामा, सांगतो आहे आणि टिपकागद लिहितो आहे. मधे मधे तो थांबेल, त्याला मी काठीने ढोसेन, म्हणजे कुठे शाई फुगलेली दिसली तर समजून घे.

तुला चष्मा लागल्याचं कळलं. अक्षर मोठं झालं म्हणून दोन कागद लागतात, हेही कळलं. माझे डोळे गेले त्याला सत्तावन्न वर्षं झाली, पण एका कागदाचं वाचन अर्ध्या कपात संपतं आणि दोन कागदांचं पूर्ण कपात, एवढं मला मोजता येतं. त्या दिवशी हाताला दोन कागद लागले आणि कप अर्धाच झाला होता. बुटात कागद असला की चाल वाजते, हेही त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मिस्त्रींनी मला विचारूनच त्याला लिहिलं होतं. मी वाट बघत होतो की तो स्वतः सांगेल. मग माझ्या ध्यानात आलं की मला कोणी कधी काही सांगून गेलेलं नाही. तुझ्या आईला सांग, त्या सकाळी ती दारात उभी होती हे मला माहीत होतं. मी थांबलो असतो तर ती गेली असती, म्हणून वाजवत राहिलो. तरी ती गेली. त्यातून मी काही शिकलो नाही.

नवी रचना मी एकटा वाजवू शकतो. जुन्याही बसतील तशा बसवेन. त्यातले निम्मे रंग जातील. उरतील त्यात भागवायचं. बाकी दिवसभराच्या मदतीला ते चित्रकला शिक्षक यायला तयार आहेत. दाढ उपटणारा माणूस मोजा तर नक्की शोधेल.

याच्या खिशात आणखी एक पत्र आहे. खिशावर दर दोन मिनिटांनी हात जातो आहे. ते फाडून होकाराचं लिहायला आता बसवतो. मजकूर मी सांगेन, सही त्याची.

तुमचा लोभ मी गृहीत धरत आलो. यापुढे मागून घेईन म्हणतो.

तुझा मामा

(दुसरा कागद)

ती. ताईस,

वरचं सगळं सांगितलं तसंच लिहिलं, एक शब्द गाळला नाही. होकाराचं पत्रही त्यांच्याच शब्दांत लिहून झालं. शेवटी ते म्हणाले की आता यात एक वाक्य तुझं घाल, आणि बाहेर गेले. मी अर्धा तास बसून होतो. मला एकही वाक्य सुचलं नाही, म्हणून फक्त सही केली.

पाकीट बंद करण्याआधी मामांनी तुला लिहिलेलं हे पत्र हातात घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि किती कागद म्हणून विचारलं. मी दोन म्हणालो. दुसऱ्यावर काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.