खिडकीबाहेरचा वाचक

सोलापूर, १४ नोव्हेंबर १९२७

प्रिय हिंदुराव,

करमाळ्याच्या शाळेत जाऊन तीन वर्षं झाली तुला, आणि एक ओळ नाही! पोरांनी मास्तरांना खाऊन टाकलं की काय? काशम्मा रोज माझ्या मागं लागते, 'भावजींचा राग गेला असंल आता, तुमीच लिवा की.' बायकोपुढं कुणाचं चाललंय!

आपलं वाचनालय चाललंय. तीच सतरंजी, तेच ढेकूण. पाळी सुटली की गिरणीतले लोक येतात, वाचता न येणाऱ्यांना मी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ज्याच्यासाठी तू भांडलास तो भीमाही येतो. त्याच्या जातीला आपल्या मंडळाची अजून बंदी, म्हणून व्हरांड्यातच उभा राहतो. खिडकीशी मी अंक धरतो, तो हात पाठीमागं बांधून वाचतो आणि पान संपलं की म्हणतो, 'पलटा की, अण्णा.' वाचतो लई भराभर. माझे हात भरून येतात.

गेल्या महिन्यात माझा चष्मा फुटला. लोक येऊन बसलेले, आणि मला अक्षर दिसेना. तेव्हा भीमानं खिडकीतूनच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. काय खणखणीत आवाज, अरे! माझ्यासारखं दर ओळीला खोकणं नाही. दुसऱ्या दिवशी लोक खिडकीकडे सरकले. चौथ्या दिवशी तेलुगू विणकर, मुसलमान रंगारी, झाडून सारे बाहेर त्याच्याभोवती, आणि आत मी एकटा अंक धरून उभा! आधी हसू आलं, मग फार लाज वाटली.

तिकडे मुंबईच्या कौन्सिलात ठराव झालाय, की लोकांच्या पैशावर चालणारी जागा सगळ्यांना खुली हवी. म्युनिसिपालटीनंही लिहिलंय, दार सर्वांना उघडा, नाहीतर ग्रँट बंद. तरी मंडळातले दोघे अडून बसलेत, ग्रँट गेली तरी चालेल म्हणतात. येत्या रविवारी सभा आहे. जाताना दिलेला तुझा राजीनामा मी सभेपुढं ठेवलेलाच नाही, तेव्हा मंडळाच्या पाच जणांत तू अजून आहेस. तू आला नाहीस तर दोनास दोन होऊन भीमा बाहेरच राहील.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. भीमाला आत घेण्याचा तुझा ठराव गुप्त मतदानात एका चिठ्ठीनं पडला, तेव्हा तू आपल्या मंडळातल्या ज्ञानबाला भर सभेत दगाबाज म्हणालास आणि त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून गाव सोडलंस. हिंदुराव, ज्ञानबानं शब्द पाळला होता, तुझ्याच बाजूनं मत दिलं होतं. ती विरोधातली चिठ्ठी माझी होती. लोक काय म्हणतील याला भ्यालो, आणि तू त्याला बोलत होतास तेव्हा मान खाली घालून गप्प बसलो. ज्ञानबाला ते तिथंच कळलं असणार. तरी तीन वर्षं रोज येतो, रामराम घालतो, अवाक्षर काढत नाही. मला ते सोसत नाही रे. रविवारी ये. आधी त्याच्या घरी जा, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे. या वेळी चिठ्ठ्या नकोत, हात वर करून मतं घ्यायची, असं मीच सांगितलंय. तू समोर बसलास म्हणजे माझा हात खाली राहायचा नाही.

अजून म्हणू देशील तर,
तुझाच
सिद्रामप्पा