तुमच्या नंबरवर जाणारा कोड

आबा, आपलं व्हिडिओ मिक्सिंगचं जुनं मशीन गेलं. तुमच्या माघारी नऊ वर्षं चाललं बिचारं. शेवटी शेवटी त्याचा पंखा इतका ओरडायचा की समोरचा चहावाला विचारायचा, "ताई, गिरणी टाकली का काय?" एका सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. तुम्ही शिकवल्याप्रमाणे कॅबिनेट उघडलं, रॅम काढली, खोडरबरानं घासून परत बसवली, तरी नाही. मदरबोर्ड जळाला होता. उस्मानपुऱ्यातल्या आपल्या दहा बाय बाराच्या स्टुडिओत मी त्याचं झाकण परत लावून ठेवलं. वाईट वाटलंच, पण खोटं कशाला बोलू, थोडी हौसही होती. इतकी वर्षं एकेका लग्नाचा व्हिडिओ तयार व्हायला लावून मी घरी जायचे, स्वयंपाक करून परत यायचे, तरी त्याचं निम्मंच झालेलं असायचं. आता एकदाचं दणदणीत मशीन घ्यायचं, असं ठरवलं.

त्याच आठवड्यात गंगापूरहून एक बाई आली. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग तुम्ही केलं होतं. तिची आई वारून महिना झाला होता. पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत म्हणाली, "आबा हायेत का? नायत? बरं... तुम्ही त्यांच्या लेक ना? माझ्या आईचा चालता-बोलता तुकडा असला तर तुमच्याकडंच असंल. मला वाटं लावताना सगळ्या बाया रडत व्हत्या अन् ही माझ्या पिशवीत लाडू कोंबत व्हती. तेवढं दिसलं तरी बास." मी म्हटलं, ताई, मशीन बंद पडलंय, नवीन येतंय, पंधरा दिवसांनी या, नक्की मिळेल. 'नक्की' हा शब्द मी छातीठोकपणे वापरला. आपल्या स्टुडिओचा रिवाजच होता तो. बाकीचे शूटिंगवाले वर्षभरानं क्यासेट पुसून दुसऱ्या लग्नाला वापरायचे, आपण कधीच नाही. लोखंडी कपाटात एकेक क्यासेट उभी असायची, पाठीवर गाव आणि तारीख. "लगीन झाल्यावर कुणी क्यासेट बघत नाय," तुम्ही म्हणायचात, "घरातलं माणूस गेलं की मग येतेत. तवा आपल्याकडं असली पायजे." आणि खरोखर यायचे लोक. तुम्ही त्यांच्याकडून एक रुपया घ्यायचा नाहीत.

मी एकदा हा रिवाज मोडला होता. एकोणीस वर्षांची होते, नवीन क्यासेटा संपल्या होत्या, हळद सुरू झाली होती, आणि मी कपाटातली एक जुनी काढून कॅमेऱ्यात घातली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. क्यासेट हातात धरून म्हणालात, "हितं कुणाचा तरी बाप हाय आतमधी. तू त्याच्यावर दुसऱ्याची हळद चढवली." दुसऱ्या दिवशी सकाळी मला एसटीत बसवून कन्नडला, त्या क्यासेटवाल्यांच्या घरी घेऊन गेलात. मला वाटत होतं तुम्ही बोलाल. त्या घरात बाजेवर बसलात आणि माझ्याकडे बघत राहिलात. घरातले सगळे बघतायत, मी दाराच्या चौकटीला नख लावून उभी आहे. शेवटी मी म्हणाले, माझ्याकडून पुसली गेली. घरातली म्हातारी चहा टाकायला उठली. परतीच्या एसटीत वेरूळ आलं. मग म्हणालात, "चूक तुझी व्हती, मग तोंड बी तुझंच पायजे." एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

तर नवीन मशीन. पैठण गेटजवळच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, कशासाठी पाहिजे. मी म्हटलं, लग्नांसाठी. "तो फिर चौसष्ट जीबी रॅम घ्या मॅडम. बत्तीस में फोर-के डालोगे तो पहले मशीन रोएगा, बाद में आप." प्रोसेसर नव्यातला घेतला, ग्राफिक्स कार्डावर दोन दिवस डोकं खाजवलं, आणि पॉवर सप्लाय मात्र तुमच्यासारखा हातात उचलून, वजन बघून घेतला. तो हसायला लागला. "मॅडम, भाजी है क्या?" मी म्हटलं, आमचे वडील असाच घ्यायचे, हलका निघाला की बाजूला ठेवायचे. कॅबिनेट माझ्यासमोर उघडं ठेवूनच जोडायला लावलं. "ज्याचं झाकण उघडत नाय ते आपलं नाय," हे तुमचं वाक्य त्याला ऐकवलं. दोन मोठ्या डिस्क आतच बसवून घेतल्या. म्हटलं, आता सगळं काही आपल्याच टेबलाखाली राहील, इंटरनेटवर व्हिडिओ ठेवणाऱ्या कंपनीच्या दारात उभं राहायची वेळ नको. तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "डिस्क कितनी भी लगाओ मॅडम, चालू केल्यावर पहिलं खातंच मागतंय." तो चेष्टा करतोय असं मला वाटलं होतं.

मशीन चालू केलं आणि त्यानं खरंच आधी खातं मागितलं. ते दिलं. मग त्या कंपनीकडे आपल्या सगळ्या लग्नांचं तुमच्या नावावर जे खातं आहे ते उघडायला गेले. पासवर्ड तुमच्याच अक्षरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. तो घातला. पडद्यावर आलं, हे यंत्र आम्ही ओळखत नाही, खातेदाराच्या मोबाईलवर कोड पाठवला आहे. खातेदाराच्या म्हणजे तुमच्या. जुनं मशीन त्यांच्या ओळखीचं होतं, म्हणून नऊ वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. मी मेलीनं त्या खात्यातून एकही लग्न खाली उतरवून ठेवलं नाही. जागाच नव्हती त्या मशीनमध्ये, हेही खरं.

आबा, मला तुमचा राग आला. कंपनीचा यायच्या आधी तुमचा आला. क्यासेटांना बुरशी धरू लागली तेव्हा तुम्हाला त्या कंपनीच्या जाहिरातीनं भुरळ घातली. जितकं ठेवाल तितकं, कायमचं. आठ महिने आपण एकेक क्यासेट चालवून इंटरनेटवर चढवत होतो. मी म्हणत होते, निदान शंभरेक क्यासेटा ठेवू या. तुम्ही म्हणालात, "दुकान जळंल, घर पडंल, एवढी मोठी कंपनी कुठं जाती?" आणि गोण्या भरून भंगारवाल्याला दिल्यात. साधा पॉवर सप्लाय झाकण बघितल्याशिवाय न घेणारा माणूस, आणि पाच तालुक्यांतली मेलेली माणसं अशा ठिकाणी नेऊन ठेवलीत जिथलं झाकण आपल्याला कधी दिसणारच नव्हतं. मला एका हळदीसाठी कन्नडला नेलंत, आणि स्वतः एवढं करून बसलात. कुणापुढे उभं करू मी तुम्हाला?

कंपनीला लिहिलं. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं. आम्ही तुमची अडचण समजू शकतो, परंतु खातेदाराच्या सुरक्षिततेसाठी आम्ही फक्त खातेदाराशीच बोलू शकतो. मी मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं, दाखल्याबद्दल आभार, कृपया खातेदारास स्वतः संपर्क करण्यास सांगावे. दर वेळी खाली वेगळं नाव असायचं आणि मजकूर तोच. फोन नंबर नाही, ऑफिस नाही, ज्याच्या टेबलापुढे जाऊन मोठ्यानं बोलावं असा एक माणूस नाही. आपल्या तहसीलमधला बाबू परवडला, निदान तो तोंडावर नाही म्हणतो. 'कायमचं' म्हणून सांगितलेलं त्यांनी परस्पर बदललंही होतं. दोन वर्षं कुणी दार उघडलं नाही तर आतलं सगळं काढून टाकू, असं नव्या अटींत लिहिलं आहे. त्या अटींना होकारही दिलेला होता. तो मीच दिला असणार, न वाचता, दुसऱ्या कुणाचं तरी लग्न जोडत असताना.

मग मी तुमचा नंबर लावला. पाठ आहे अजून. तो आता ज्याला मिळालाय त्या माणसानं उचलला, मागं शेळ्यांचा आवाज. म्हणाला कन्नडकडचा आहे. मी सगळं समजावून सांगितलं, आत्ता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा, माझ्या वडिलांचं खातं आहे. तो म्हणाला, "ताई, राग मानू नका. ओटीपी कुणालाच सांगू नये म्हंतेत. आमच्या गावात दोघं बुडाले असंच." मी आईला हेच पढवून ठेवलंय, कितीही गोड बोलला तरी सांगायचं नाही. फोन ठेवता ठेवता तोच म्हणाला, "तुमचे वडील शूटिंगवाले व्हते का? लई फोन येतेत वो अजून. लगनसराईत तर इचारूच नका." म्हणजे लोक अजून तुम्हाला शोधतायत, आणि तुमच्याऐवजी त्या भल्या माणसाला उत्तरं द्यावी लागतायत.

सरकारनं अशा कंपन्यांसाठी नियम करायला घेतले आहेत, मसुद्यावर लोकांची मतं मागवली आहेत, असं वाचलं. म्हटलं, आपणही लिहू. मेलेल्या माणसाच्या वारसाचं ऐकायला कंपनीनं एक जिवंत माणूस नेमलाच पाहिजे, असं लिहिलं. 'कायमचं' म्हटलं की ते मोडता येऊ नये, असं लिहिलं. नवीन मशीनवर हे सगळं टाइप केलं. पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही त्याच्या. फॉर्मवर गाव निवडायचं होतं, त्या यादीत शहराचं, बदलायच्या आधीचं, जुनंच नाव होतं. मला उगाच बरं वाटलं, तुम्ही वारलात तेव्हा गावाचं तेच नाव होतं म्हणून. शेवटी एक चौकट होती, घडलेला प्रकार आपल्या शब्दांत सविस्तर लिहा. मी लिहायला लागले, 'खातेदाराच्या मृत्यूनंतर त्यांचा मोबाईल नंबर...' आणि तिथे अडले. फॉर्म अजून तसाच उघडा आहे.

कारण तो नंबर आपोआप बंद झाला नाही, आबा. आईला आणि सगळ्यांना मी तसंच सांगितलंय, की रिचार्ज राहून गेला, मोबाईल कंपनीनं काढून घेतला. राहून गेला नव्हता. तुम्ही गेलात ती ऐन लग्नसराई होती. तुमचा फोन माझ्या पर्समध्ये असायचा आणि दिवसातून वीस वेळा वाजायचा. प्रत्येक जण विचारायचा, "आबा हायेत का?" आणि प्रत्येक वेळी मला सांगावं लागायचं. पंधरा दिवस सांगितलं. सोळाव्या दिवशी मी फोन बंद केला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. रिचार्जची तारीख मला माहीत होती. ती मी जाऊ दिली.

काल ती गंगापूरची बाई परत आली. ठरलेल्या दिवशी, पंधराव्या. येताना डब्यात लाडू घेऊन आली होती. नव्या मशीनचा मोठा पडदा बघून तिचा चेहरा फुलला. पदर सावरून त्याच्यासमोर खुर्चीत बसली, जणू आई आता दिसणारच. मी तिच्यासमोर उभी होते, कन्नडला उभी होते तशीच. फक्त या वेळी माझ्याकडे बघत बसायला बाजेवर तुम्ही नव्हतात. मी तिला म्हणाले, ताई, काय करू, आबांनी सगळ्या क्यासेटा भंगारात दिल्या.