संपादकाची लूत

लोणावळा, ८ डिसेंबर १९३४
संपादकाला लूत लागली! संपादक म्हणजे माझा कुत्रा. येईल त्याच्यावर भुंकतो आणि भाकरी टाकली की गप्प — दुसरं नाव सुचेना. घरमालक महिपतराव बजावून गेले — "दत्तजयंतीपर्यंत बरा करा, नाहीतर बंदूक आणतो." यांच्या देव्हाऱ्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्री. तसबिरीत आहेत म्हणून वाचली!

९ डिसेंबर
डॉक्टरांचं मलम संपादकाने चाटून संपवलं. लूत तशीच, भूक तेवढी वाढली.

१० डिसेंबर
कुरवंड्याहून मोळी विकायला येणारी धोंडाबाई आज कुत्र्यापाशी बसली. कसलासा हिरवा पाला दगडाने ठेचून चोळू लागली. मला चावलेला संपादक तिच्यापुढे चारी पाय वर!
"कसला पाला, मावशी?"
"नाव न्हाई सांगायचं, भाऊ. चाळीस वर्सं जपलंय. सांगितलं की माज्या हातचा गुण गेला. ज्याला सांगितलं त्याच्याकडं."
"म्हणजे बदलीच की!"
"हसा. लूत तुमच्याच कुत्र्याला हाय."
या थोतांडावर लेख लिहायला घेतलाय.

१५ डिसेंबर
पाठीवर नवी लव! बाई रोज येते, घटकाभर चोळते, त्याच्याशी सुखदुःखाचं बोलते. लेख अडलाय.

१७ डिसेंबर
दोन दिवस धोंडाबाई नाही. संपादक पुन्हा खाजवून रक्त काढतो. दत्तजयंतीला तीन दिवस.

१८ डिसेंबर
कुरवंड्याला चालत गेलो. धोंडाबाईचा पाय मुरगळून टम्म सुजलेला. पाला तरी द्या, म्हटलं.
"शिळा चालत न्हाई. रोज ताजा तोडाया लागतो."
उठायला गेली, पाय टेकवेना. मग म्हणाली, "कान हिकडं करा."
चाळीस वर्षं जपलेलं — एका कुत्र्यापायी! 'नको' म्हणायला हवं होतं. कान पुढे केला.

२० डिसेंबर
महिपतराव आले. हातात बंदूक नाही, सुंठवडा. संपादकाच्या सुकलेल्या जखमा लांबूनच पाहिल्या. "राहू दे," म्हणाले.
लेख काही पुरा होत नाही. झाडाच्या नावाशिवाय त्यात दम नाही, आणि नाव या वहीतही लिहवत नाही.

४ जानेवारी १९३५
सकाळी दारात कुरवंड्याचा कोंडाजी, लूत लागलेलं वासरू घेऊन.
"मावशीकडं गेलतो. पाय बरा हाय तिचा. पर म्हनली, माज्या हाताला आता गुण न्हाई, लोणावळ्याच्या भाऊंकडं ने."
त्याला बसायला सांगितलं, आणि पाला तोडायला निघालो.