चारपुढचा कोरा रकाना

गुरुवार, संध्याकाळ. लोणावळा.

"मॅडम, चारच का?" दुपारपासून हे डोक्यातून जातच नाही.

कुरवंड्याच्या रस्त्यावर गाड्या मोजणारे कॅमेरे बसवायचेत, त्या टेंडरच्या तांत्रिक समितीत मी. पहिल्या कंपनीला दहापैकी आठ दिले, दुसरीला चार. शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला. घाई होती, दुसरं काय!

आज हरकतीची सुनावणी. दुसऱ्या कंपनीच्या बाई तळेगावहून आल्या होत्या. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, चारच का? मी म्हटलं, "डेमोत निम्म्या गाड्या सुटल्या." त्या म्हणाल्या, "आमच्या दिवशी धुकं होतं, त्यांच्या दिवशी ऊन. हे कुठं लिहिलंय?"

कुठंच नाही. त्याच डेमोच्या दिवशी टपरीवरचे आबा चहा देताना म्हणाले होते, "धुकं तर हितं रोजचंच हाय. काल ऊन पडलं, त्येचंच नवाल." मी हसले होते. म्हणजे मला कळलं होतं ना? आठवाल्या कॅमेऱ्यानं धुकं बघितलेलंच नाही!

सुनावणी संपल्यावर साहेबांनी गुणतक्ता पुढे सरकवला. "शेरा भरून टाका. तारीख तेव्हाचीच घाला." मी म्हणाले, "पेन नाही." पेन हातातच होतं.

तक्ता पर्समध्ये आहे. रकाना बोटभर, त्यात एकच शब्द मावेल. धुकं. चारपुढे लिहिलं तर ती बाईंची सबब. आठपुढे लिहिलं तर माझी चूक.