प्रेताचा क्लोजअप

३ मार्च
आमचं खुनाचं नाटक टीव्हीवर येतंय. जुन्या संचातून घेतलेला नट एकच. मी! नाटकात पडदा वर जातो तेव्हाच माझा खून झालेला असतो. तिन्ही अंक सोफ्यामागे पडून. प्रेक्षकांना दिसतात ते नुसते पाय. दर प्रयोगानंतर सासरे विचारतात, जावईबापू, तुम्ही नक्की कुठे होतात?
टीव्हीवर मात्र चेहऱ्याचा क्लोजअप. दिग्दर्शक स्वतः म्हणाला. आता बघतोच सासरे काय विचारतात ते.

५ मार्च
मेलेल्या चेहऱ्याचा सराव. आरसा निरुपयोगी, डोळे मिटले की दिसत नाही. बायकोला समोर बसवलं. म्हणाली, ऑफिसातून येता तेव्हा रोज असाच असतो की. म्हणजे अभिनय सहज आहे.
मिशी काढावी का? विचार करून ठरवू.

६ मार्च
काढली. विचार करायला हवा होता.

११ मार्च. शूटिंग
सकाळी सातला बोलावलं, दुपारपर्यंत खुर्चीत बसवलं. पहिल्या टेकला पापणी हलली. दुसऱ्याला पोट. दिग्दर्शक म्हणाला, काका, मेल्यावर तरी स्वस्थ पडा. पडलो. डोळे उघडले तेव्हा सगळे जेवत होते. मेकअपवाली म्हणते मी घोरलो, हिरॉइनचे संवाद ऐकू येईनात. जनरेटर असणार.
दिग्दर्शकाने पाठीवर हात ठेवून सांगितलं, तुमचं झालं, घरी जा. हिरो बिचारा अजून टेक देत होता.
निघताना पाहिलं, लाइटवाला सोफ्याशी बसून बूट-मोजे काढत होता. उकाडा फारच होता.

२ एप्रिल
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. सासऱ्यांना आमंत्रण. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता बारीकसारीकही दिसतं. उत्तम.

९ एप्रिल
सासरे टीव्हीसमोर, मी शेजारी. सोफा आला. क्लोजअपही आला. पायांचा. चेहरा शेवटपर्यंत नाही.
सासरे उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. जावईबापू, सापडलात, म्हणाले. नुसत्या पायांत काय जीव ओतलाय! त्यांचे डोळे भरून आले. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
बायकोने पडद्यावरचे पाय पाहिले. मग माझे. माझ्या उजव्या पायाचा अंगठा वाकडा आहे, हे तिला लग्नापासून माहीत आहे. मी पाय खुर्चीखाली ओढले.
ती उठली. आत जाऊन माझे मोजे घेऊन आली.
उकडत होतं. तरी घातले.