रोपाला दिलेलं नाव

१२ ऑगस्ट
आज कशेळ्याजवळच्या प्रभुणे सरांच्या वनस्पती केंद्रात रुजू झाले. बाबा कडावहून सोडायला आले होते, पेढे घेऊन. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. बाबा सरांसमोर खुर्चीवर बसेनात. सरांनी हाताला धरून बसवलं. मला भरून आलं. सरांच्या निबंधांचे संदर्भ जगभरचे शास्त्रज्ञ आपल्या निबंधांत देतात. त्या संदर्भांचा आकडा दाराजवळच्या फळ्यावर असतो. वाढला की सर स्वतः पुसून नवा लिहितात. स्वयंपाकाला इंदूबाई आहेत. शिवाय एक मुकी बाई रोपांना पाणी घालते. तिचं नाव विचारलं, तर इंदूबाई म्हणाल्या, तिला नुसतं बाई म्हन गं.

२ सप्टेंबर
कड्याच्या कपारीत एक कंदीलपुष्प सापडलं. कंदिलासारखं फूल, आत जांभळे केस. कुठल्याच पुस्तकात नाही. पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, तरी सरांना सांगायला धीर होईना. सरांनी भिंगातून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, नवी जात आहे, पोरी.

१९ ऑक्टोबर
निबंध पाठवला. लेखक एकटे सर. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. सरांनी ओळखलं. म्हणाले, लेखक विसरले जातात, म्हणून जातीलाच तुझं नाव देतोय, हर्षला. एकदा छापलं की शास्त्राच्या नियमाने ते मागे घेता येत नाही. फोनवर आई आनंदाने रडली. इंदूबाईंचा भाकरी थापणारा हात मात्र थांबला. जित्या मानसाचं नाव झाडाला देत नाय आमी, मंग हाक मारल्यावर ओ कोन देनार, म्हणाल्या. मी हसले.

८ डिसेंबर
निबंध छापून आला, आणि पहिला संदर्भही मिळाला! रानातली कंदीलपुष्पं दिवाळीलाच वाळली, पण कपारीतून आणून कुंडीत लावलेलं माझं रोप हिरवंगार आहे. आज नवं पान फुटलं. दुपारी शिंपिणीने ब्लाउज कोणाच्या नावाने ठेवू विचारलं, तर मला पटकन आठवेना. दमले असेन.

४ जानेवारी
संदर्भ भराभर वाढताहेत. दर संदर्भाला रोपाला एक नवं पान. आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. नाव सांगितलं. तिला ते ऐकूच गेलं नाही. आम्हाला मुलगी नाही हो, म्हणाली. परक्या बाईशी बोलावं तशी, अगदी गोड.

९ जानेवारी
पाणी घालून झालं की बाई एकाच कुंडीशी बसते. आज त्या कुंडीतली पाटी वाचली. मैना. मी मैना अशी हाक मारली. बाईने मान वळवली नाही.
कुंडीतून ओ आली.

११ जानेवारी
सरांना विचारलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा पुढे केला. म्हणाले, जे नाव आजवर कुठेच छापलेलं नाही, तेच नीट रुजतं. म्हणून तुमच्यासारख्या घरातल्या मुली घेतो.
बाबांना हाताला धरून बसवलं, तेव्हाच—

१३ जानेवारी
माझ्या नावाची पाटी उपटली. रोप उपटलं. संध्याकाळी पुन्हा उभं. छापलेलं आहे ते. जगभर. कुणाकुणाकडून पुसून घेऊ—
फळ्यावर नवा आकडा.

२० जानेवारी
बाई दिसत नाही. सरांनी तिची झारी माझ्या हाती दिली.
पोशीरहून नवी मुलगी आली. श्रद्धा. वडील बरोबर. पेढे. ते खुर्चीवर बसेनात. सरांनी हात धरला—
मी ओरडले. नुसता घसा हलला.
बाईही मुकी नव्हती तर.

फेब्रुवारी. तारीख—
श्रद्धाला काहीतरी सापडलंय. कपारीत. हसतेय.
लिहूनच सांगते. हाताला धरून तिला कुंड्यांशी आणलंय—
श्रद्धा, हे वाच. सरांना तुझं नाव रोपाला देऊ देऊ नकोस. आत्ताच्या आत्ता घरी—
वाचायच्या आधी तिने वही उलटली. पुठ्ठ्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. हर्षला.
माझ्यामागून ओ आली. माझ्याच आवाजात.
वही माझ्या हातात देऊन ती तिकडे वळली. माझ्या रोपाशी बोलतेय. नवी जात, सर माझं नाव देणार म्हणतात, देऊ का गं ताई—
आणि माझा आवाज तिला सांगतोय, दे की गं, एवढं काय त्यात, मी नाही का दिलं, सर देवमाणूस—