मामाजींची पट्टी

रविवार, संध्याकाळ

आज बारशाच्या पंगतीत बायकोच्या मामाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "जावईबापू, पेटी वाजवता ते ठीक हाय, पण काम काय करून राहिले?" त्यांचा पोरगा मिहानमधल्या कंपनीत नोकरीला लागलाय ना. मी हसलो. का हसलो मी?

जेवणं झाल्यावर त्यांनाच भजन म्हणायची हुक्की आली. त्यांचा गळा काळी एक पट्टीचा, हे मला पाठ आहे. मी पेटीवर मुद्दाम पांढरी चार धरली, बरीच वरची पट्टी. मुखडा कसाबसा निभला. अंतऱ्याला आवाज असा फाटला की बायका पदराआड हसल्या. मामाजी म्हणाले, घसा बसला. पेटीवर संशय घ्यायला पेटी कळावी लागते.

मीच पाणी नेऊन दिलं. काम काय करून राहिलो? हेच, मामाजी.